ब्रिटिश-भारतीय घोडदळाचे जुने सामान: ओळखायचे कसे, काळ ठरवायचा कसा

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा गावाकडच्या वाड्याच्या माळ्यावर घोडदळाचे जुने सामान अजूनही निघते. पोलादी कमानीचे खोगीर, काडतुसांचा चामडी पट्टा, नालांची पिशवी, बंदुकीचे लांब चामडी म्यान, रिकिबींची जोडी. विकणारा त्याला ‘पेशवेकालीन’ म्हणतो, घरचे लोक ‘पणजोबा लढाईवर होते तेव्हाचे’ म्हणतात. पोलादी कमान असेल तर पेशवेकाळ लगेच बाद करता येतो. आपल्याकडची जुनी खोगिरे गादीसारखी भरलेली, नमद्याची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची) आणि कापडाची असत. पोलादी कमानीचे लष्करी खोगीर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले आणि आपल्याकडे सापडणारा बहुतेक माल १८९० ते १९४० या काळातला ब्रिटिश-भारतीय घोडदळाचा असतो.

ही पन्नास वर्षे दहा-दहा वर्षांच्या टप्प्यापर्यंत अरुंद करता येतात, कधी नेमक्या सालापर्यंतही. त्यासाठी क्रम पाळायला हवा: आधी बांधणी, मग साहित्य, मग छाप, मग रेजिमेंट. बहुतेक जण उलटे करतात. कुठेतरी १९१५ दिसले की शोध थांबतो. पण छाप फक्त त्या एका भागाचा असतो आणि खोगीर अनेक भागांचे. फौजेत तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा) तुटला की नवा लागायचा, फळी मोडली की बदलायची. म्हणून प्रत्येक भागाचा काळ वेगळा काढायचा आणि शेवटी त्यांची सांगड घालायची. या कामाचे मर्म एवढेच आहे.

आधी शिलेदारी समजून घ्या

एक गोष्ट माहीत नसेल तर पुढचे निष्कर्ष चुकतात. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येई, हे आपल्याला ठाऊक आहे. ब्रिटिशांनी हीच पद्धत बंगाल, मुंबई आणि पंजाबच्या रिसाल्यांत चालू ठेवली. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदी घोडदळात ३९ रेजिमेंट होत्या. त्यांतल्या मद्रासच्या २६, २७ आणि २८ क्रमांकाच्या तीन सोडल्या तर बाकी सगळ्या शिलेदारी पद्धतीच्या होत्या. बंदूक आणि दारूगोळा सरकारचा. घोडा, खोगीर, तलवार, गणवेश स्वाराच्या पैशांतून, रेजिमेंटमार्फत घेतलेले. १९२१ च्या फेररचनेत ही पद्धत बंद झाली, ३९ च्या २१ रेजिमेंट झाल्या आणि सामान सरकारी साठ्यातून मिळू लागले.

ओळखीच्या कामात याचा अर्थ असा, की १९२१ पूर्वीच्या हिंदी रिसाल्याच्या खोगिरावर सरकारी छाप नसेल तर ते खोटे ठरत नाही. रेजिमेंट आपला माल थेट कारखानदाराकडून घेत असे, स्थानिक कारागिरांकडूनही करून घेत असे, त्यामुळे मापे आणि बकले रेजिमेंटप्रमाणे बदलतात. १९२१ नंतरच्या वस्तूवर मात्र सरकारी छाप अजिबात नसेल तर कारण शोधायला हवे.

पायरी १: पुसू नका, तेल लावू नका, आधी फोटो घ्या

वस्तू घरी आली की हात शिवशिवतात. खोबरेल, एरंडेल, बूट पॉलिश यांपैकी काही लावले की चामडे काळवंडते, तंतू फुगतात आणि मुळात उथळ असलेला छाप कायमचा बुजतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा, तेवढे पुरे.

मग रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च चामड्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. दिवसा कोऱ्या दिसणाऱ्या पट्ट्यावर अक्षरे उमटतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवत प्रत्येक दिशेचा फोटो घ्या. ‘३’ आणि ‘८’, ‘१’ आणि ‘७’ यांचा घोळ एकाच फोटोवरून कधीच सुटत नाही. चामडे घट्ट असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलके घासूनही ठसा घेता येतो. पण बोट फिरवल्यावर लालसर भुकटी हाताला लागत असेल तर हे करू नका. झाडाच्या सालीने कमावलेल्या जुन्या चामड्याची ती लाल सड आहे आणि कागद घासला की वरचा थर छापासकट निघतो.

हाताशी १० पट भिंग, चुंबक, मोजपट्टी आणि बारीक मापे घ्यायचे व्हर्नियर असू द्या. चुंबकाने पितळी मुलाम्याखालचे लोखंड लगेच कळते.

पायरी २: वस्तू घोडदळाचीच आहे ना?

तोफखान्याच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे, खेचरांच्या तांड्याचे आणि पोलिसांच्या घोड्यांचे सामानही याच कारखान्यांत बनायचे. खेचराच्या पाठीवरच्या ओझ्याच्या खोगिराला बसायची जागा नसते आणि त्याचे आकडे जड, बाहेर आलेले असतात. गाडी ओढायच्या साजाला छातीपट्टा किंवा गळ्यातले गोल कॉलर आणि साखळ्यांच्या कड्या असतात.

घोडदळाच्या खोगिरावर पुढची-मागची दोन्ही टोके सामान बांधण्यासाठी तयार केलेली असतात. पुढे डगला, मागे गुंडाळी, डाव्या बाजूला मागे नालांची पिशवी आणि तिलाच अडकवलेला तलवारीचा पट्टा, उजव्या बाजूला मागे बंदुकीचे चामडी म्यान. कड्या आणि फटी या जागी असतील तर आपण बरोबर घरात आहोत.

काडतुसांच्या पट्ट्यात खिसे मोजा. १९०३ च्या नमुन्यात पायदळाच्या पट्ट्याला ५ खिसे, म्हणजे ५० गोळ्या. घोडेस्वाराच्या पट्ट्याला ९, पुढे ५ आणि पाठीवर ४, म्हणजे ९० गोळ्या. एका खिशात पाच-पाच गोळ्यांच्या दोन क्लिपा बसत. पहिल्या महायुद्धात असाच दुसरा पट्टा घोड्याच्या गळ्यातही घालत. ९ खिशांच्या पट्ट्यातले मागचे चार कापून ‘पायदळाचा’ म्हणून विकलेले तुकडे बाजारात असतात, तेव्हा पट्ट्याच्या टोकाची शिलाई मूळ आहे का ते पाहा.

पायरी ३: खोगिराची बांधणी

ब्रिटिश फौजेच्या ज्या खोगिराला युनिव्हर्सल पॅटर्न, थोडक्यात यू.पी., म्हणतात त्याचा सांगाडा साधा आहे. पुढे एक आणि मागे एक अशा दोन पोलादी कमानी. त्यांना जोडणाऱ्या, घोड्याच्या पाठीच्या दोन अंगांना समांतर बसणाऱ्या दोन लाकडी फळ्या. कमानींच्या मधे ताणलेल्या पट्ट्या आणि त्यांवर चामड्याची बैठक. फळ्यांखाली नमदा. दोन्ही बाजूंना चामड्याचे पदर. घोड्याचा कणा दोन फळ्यांच्या मधे मोकळा राहतो. दिवसभर स्वार आणि सामान वाहणाऱ्या जनावराची पाठ वाचावी म्हणून ही सगळी रचना.

आपल्याला भेटणारे नमुने मुख्यतः १८९०, १९०२ आणि १९१२ चे. १९१२ चा वेगळा काढायला हात पुरतो. खोगीर उलटे करून मांडीवर घ्या, पुढची कमान एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने फळीचे टोक हळूच वर-खाली करा. १९१२ च्या नमुन्यात फळ्या कमानीला खिळीच्या सांध्याने जोडल्या आहेत, त्या किंचित हलतात. घोडा मोहिमेवर खराब झाला, पाठीवरचे मांस उतरले, तरी फळीने त्याच्या अंगाप्रमाणे कोन बदलावा हा हेतू. आधीच्या नमुन्यांत फळ्या कमानीला पक्क्या रिबिटलेल्या असतात. गंजाने सांधा जाम झाला असेल तर हलवायचा हट्ट धरू नका, जोडाच्या जागी नुसते पाहा: खिळीचे गोल टोक आणि तिच्याभोवतीची पोलादी मिठी दिसली की पुरे.

इथे सर्वांत जास्त होणारी गफलत सांगतो. ‘१९०२’ किंवा ‘१९१२’ हे नमुना मंजूर झाल्याचे साल आहे, वस्तू बनल्याचे नव्हे. १९०२ च्या नमुन्याचे खोगीर १९१७ मध्येही बनू शकते आणि १९१२ चा नमुना तर ब्रिटनमध्ये समारंभाच्या घोड्यांवर आजही दिसतो. नमुन्यावरून कळते ती फक्त खालची मर्यादा: याच्या आधीचे नाही.

बसायच्या जागी मधोमध लांबट मोकळी फट आणि वर चामड्याची गादी नाही, असे खोगीर असेल तर ते अमेरिकन मॅक्लेलन घाटाचे, १८५९ साली तिकडच्या फौजेने स्वीकारलेले. भारतात ते जुने म्हणून मिळाले तर जवळपास नेहमी अलीकडे बनवलेले असते.

पायरी ४: चामडे, दोरा, धातू

पट्ट्याची कापलेली कड भिंगाखाली धरा. सालीने कमावलेले चामडे आरपार तपकिरी असते, क्रोमने कमावलेल्याच्या गाभ्यात निळसर-करडी छटा दिसते. कानपूरची चर्मकला बाभळीच्या सालीवर उभी राहिली. घोडदळाच्या खोगिराचे भार घेणारे पट्टे क्रोमचे निघाले तर ते नंतर बदललेले समजा.

दोरा बरेच काही सांगतो. जुनी शिलाई जवसाच्या धाग्याला मेण लावून, दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी घातलेली. असा एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. तुटून लोंबणारे टोक असेल तर त्यातला मिलिमीटरभर धागा कापून, वस्तूपासून दूर, चिमट्यात धरून जाळा: जवस कागदासारखा जळून राख होतो, नायलॉन वितळून मणी होतो. नायलॉन १९३० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले, म्हणजे ती शिलाई त्यानंतरची. नोटा तपासायचा अतिनील दिवाही उपयोगी आहे, कारण आजकालचे दोरे त्याखाली निळे-पांढरे चमकतात. फक्त तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) किंवा झुलीसारखे कापडी सामान कोणी साबणाच्या पावडरीने धुतले असेल तर जुने कापडही तसेच चमकेल.

स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच म्हणजे फिलिप्स स्क्रू. तो १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. पहिल्या महायुद्धाच्या म्हणून आलेल्या खोगिरात तो दिसला तर सगळे खोटे मानायचे कारण नाही, पण त्या जागी दुरुस्ती झाली हे नक्की. पितळी बकल किंवा तांब्याच्या रिबिटीभोवती, चामड्याला चिकटून, मेणासारखा हिरवा थर जमतो. चामड्यातली चरबी आणि तांबे यांच्या संयोगाने तो बनतो आणि त्याला वेळ लागतो. तो खरवडून काढण्याआधी फोटो घ्या.

पायरी ५: छाप वाचणे

आता छापाकडे वळा. पुढच्या कमानीचा माथा, पदरांच्या आतल्या बाजू, पट्ट्यांची बकलाजवळची टोके, रिकिबीच्या पायठेवणीची खालची बाजू, काडतूस-पट्ट्याची आतली बाजू, तलवारीच्या पात्याचे मुठीजवळचे दोन्ही चेहरे आणि पात्याची पाठ: एवढ्या जागा न चुकता पाहायच्या.

सगळ्यात आधी दिसतो तो रुंद बाण, तीन रेघांचा, कोंबड्याच्या पावलाच्या ठशासारखा. ती ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. ‘आय.एस.डी.’ ही अक्षरे इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंटची, म्हणजे विलायतेत भारतासाठी खरेदी केलेला माल. बाण ‘सी’ अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा, दोन ‘डी’ अक्षरांच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाचा, ‘एन’ आणि ‘झेड’च्या मधे असेल तर न्यूझीलंडचा. दोन बाण टोकाला टोक भिडवून असतील तर वस्तू सरकारने सेवेतून काढून विकली. ही शेवटची खूण पाहून आनंद मानावा, कारण वस्तू सरळ मार्गाने बाहेर आल्याचा तो पुरावा आहे.

राजमुद्रेची अक्षरे काळाचे मोठे कप्पे पाडतात. ‘व्ही.आर.’ व्हिक्टोरियाची, १९०१ पर्यंत, ‘ई.आर.’ सातव्या एडवर्डची, १९०१ ते १९१०, ‘जी.आर.’ पाचव्या जॉर्जची १९१० ते १९३६ आणि सहाव्या जॉर्जची १९३६ पासून पुढे. तिसरे अक्षर ‘आय’ असेल तर ते हिंदुस्थानच्या सम्राटपदाचे. ते पद व्हिक्टोरियाने १ जानेवारी १८७७ रोजी धारण केल्याची घोषणा झाली होती.

कारखान्याचे नाव आणि साल मिळाले तर काम सोपे. विलायती मालावर वॉल्सॉल आणि बर्मिंगहॅम ही गावे वारंवार दिसतात, वॉल्सॉल तर खोगिरांचेच गाव. भारतात मुख्य केंद्र कानपूर, तिथला सरकारी हार्नेस अँड सॅडलरी कारखाना एकोणिसाव्या शतकापासूनचा. गावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहा. ब्रिटिश काळात ते ‘सी’ने सुरू होई आणि मधे ‘डब्ल्यू’ असे. आजचे ‘के’ने सुरू होणारे स्पेलिंग १९४८ मध्ये अधिकृत झाले. ते असलेला भाग स्वातंत्र्यानंतरचाच. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर १९५० नंतरचा. घोड्यांचे सामान त्यानंतरही बनत राहिले, कारण ६१ वी कॅव्हलरी १९५३ मध्ये उभी राहिली आणि तिचे घोडे आजही आहेत.

१९०८ च्या नमुन्याची स्वाराची तलवार लांब, सरळ, फक्त भोसकण्यासाठी. पाते सुमारे ३५ इंची, मुठीवर पोलादी वाटी. मुठीजवळ एका चेहऱ्यावर विल्किन्सन, मोल, एनफील्ड किंवा सँडरसन यांपैकी नाव आणि दुसऱ्यावर बाण, तपासनिसाची मुकुटाखालची खूण आणि फुलीसारखा ‘एक्स’ असतो. फुली म्हणजे पाते वाकवण्याच्या चाचणीत उतरले. भारतीय आवृत्तीची मूठ जरा आखूड असते.

पायरी ६: रेजिमेंटचा क्रमांक

इथे काळाची दोन कुंपणे आहेत. १९०३ मध्ये हिंदी फौजेचा सरसेनापती किचनर याने सगळ्या हिंदी घोडदळाला सलग क्रमांक दिले. १९२१-२२ मध्ये रेजिमेंट एकत्र करून पुन्हा नवे क्रमांक आले. आपल्या भागाशी नाते असलेल्या काही रेजिमेंट:

- १८१७ मध्ये उभी राहिलेली पूना हॉर्स १९०३ पासून ३४ वी, फेररचनेनंतर १७ वी.
- मुंबई लान्सर्सच्या दोन रेजिमेंट १९०३ नंतर ३१ वी आणि ३२ वी; एकत्र होऊन १३ वी.
- सिंध हॉर्स आणि जेकब्ज हॉर्स १९०३ नंतर ३५ वी आणि ३६ वी. एकत्र होऊन १४ वी.
- डेक्कन हॉर्सच्या २० व्या आणि २९ व्या रेजिमेंट एकत्र होऊन ९ वी.

समजा पट्ट्यावर ‘१७’ आणि पुढे ‘पी.एच.’ दिसले. ही १९२२ नंतरची पूना हॉर्स. पण नुसते ‘पी.एच.’ असेल तर थांबा, कारण प्रोबिन्स हॉर्सचीही तीच आद्याक्षरे होती. तिचा क्रमांक १९२१ पूर्वी ११ आणि नंतर ५. आणि नुसते ‘१७’ असेल तर आणखी सावध, कारण १९२१ पूर्वी हिंदी १७ वी कॅव्हलरी वेगळी होती आणि ब्रिटिश १७ वी लान्सर्सही होती. क्रमांक आणि अक्षरे दोन्ही जुळल्याशिवाय रेजिमेंटचे नाव लिहू नका.

संस्थानांच्या इम्पीरियल सर्व्हिस तुकड्यांच्या सामानावर संस्थानाची चिन्हे असू शकतात. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा (आजच्या इस्रायलमधले बंदर) जिंकणारे जोधपूर आणि म्हैसूरचे लान्सर्स याच गटातले. ‘हैफाच्या लढाईतले खोगीर’ असा दावा आला की आधी या दोन संस्थानांपैकी एकाची खूण मागा.

वरचे टोकही लक्षात ठेवा. सिंध हॉर्सने १९३८ मध्ये घोडे सोडून यंत्रवाहने घेतली, हिंदी घोडदळातली ती पहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला बाकीच्यांचेही तसेच झाले. १९४२ किंवा १९४३ छापलेले खोगीर खरे असू शकते, पण ते लढणाऱ्या रिसाल्यापेक्षा खेचरांच्या तांड्याचे, पोलिसांचे किंवा संस्थानी दलाचे असण्याची शक्यता जास्त.

पायरी ७: झीज खरी की केलेली?

कानपूर आजही खोगिरे जगभर पाठवते, तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे आणि जुन्या लष्करी नमुन्यांच्या प्रतिकृतीही तिथे बनतात. ते प्रामाणिक काम आहे. अडचण होते ती कोणी त्यावर चहाचे पाणी आणि पॉलिश चढवून ते ‘जुने’ म्हणून विकतो तेव्हा.

खरी झीज असमान असते. दोन्ही रिकिबींचे पट्टे बाजूबाजूला टांगून मोजा. स्वार डावीकडून चढतो, त्याचा सगळा भार डाव्या रिकिबीवर येतो, म्हणून डावा पट्टा ताणून लांब झालेला असतो आणि त्याची वापरातली भोके अंडाकृती होतात. पट्टे अदलाबदल करायची चांगली सवय असलेल्या स्वाराचे दोन्ही ताणलेले मिळतील. तंगाचे पट्टे घोड्याच्या घामाने आतून काळे, कडक आणि बाहेरून त्या मानाने बरे असतात. पदराचा गुडघ्याखालचा भाग गुळगुळीत चकाकतो, कडेचा नाही. सगळीकडे सारखाच ‘जुनेपणा’, घडीच्या आतही तोच रंग, आणि सगळी भोके गोल असतील तर संशय घ्यावा. छापाच्या अक्षरांच्या तळाशी मळ बसलेला हवा. तळ स्वच्छ, फिकट आणि कडा धारदार असतील तर छाप अलीकडे मारला आहे.

पायरी ८: निष्कर्ष लिहिणे

एक कल्पित उदाहरण घेऊ. फळ्या हलतात, म्हणजे १९१२ चा नमुना. पुढच्या कमानीवर बाण, खाली ‘आय’, साल १९१६. पदरांवर कानपूरचे जुने स्पेलिंग आणि १९३१. पदराच्या आत १७ पी.एच. तंगाची शिलाई नायलॉनची.

याला ‘पहिल्या महायुद्धातले खोगीर’ म्हणणे चूक आणि ‘१९३१ चे’ म्हणणेही अपुरे. नोंद अशी करावी: ‘यू.पी. १९१२ नमुना, कमान १९१६, पदर १९३१, पूना हॉर्स, सध्याची जुळणी १९३१ किंवा नंतरची, तंगाची शिलाई दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची किंवा नंतरची.’ प्रत्येक विधानापुढे त्याचा पुरावा कुठल्या भागावर, कुठल्या फोटोत आहे ते लिहा. कुटुंबातली किंवा विक्रेत्याची हकिगतही लिहून ठेवा, पण वेगळ्या रकान्यात, कोणी कधी सांगितली त्यासह. पणजोबांच्या पदकाच्या कडेवरचा क्रमांक आणि रेजिमेंट पट्ट्यावरच्या रेजिमेंटशी जुळली तर ती हकिगत पुराव्याच्या रकान्यात येते.

कायदा आणि जपणूक

तलवार, भाल्याचे पाते, संगीन यांना शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे नियम लागू होऊ शकतात. घेण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात परवान्याबद्दल विचारा. १०० वर्षे पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भावाला कुरियरने पाठवण्याआधी हे पक्के करा. काळ ठरवण्याचे महत्त्व इथेही आहे: १९१६ ची कमान आणि १९३१ चे पदर या बाबतीत एका पारड्यात बसत नाहीत.

खोगीर भिंतीला टांगू नका, कमानीवर ताण येऊन फळ्या उकलतात. जुन्या सुती चादरींचा गोल लोड करून त्यावर ठेवा, बकले मोकळी सोडा, पट्टे घडी न घालता लोंबू द्या. कोकणात पावसाळ्यात बुरशी चार दिवसांत धरते. बंद कपाटापेक्षा हवा खेळणारी, ऊन न येणारी खोली बरी. बुरशी आलीच तर बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा. लाल सड धरलेल्या चामड्याला घरगुती तेल अजिबात नको. ते काम चामड्याच्या संवर्धकाचे आहे आणि त्याच्याकडे जाताना पहिल्या पायरीचे फोटो सोबत न्या, म्हणजे उपचाराच्या वेळी छापाची जागा तो जपून ठेवेल.